पॅरिशच्या संताचा सण : नोव्हेना, प्रार्थना आणि मिस्सा यांची तयारी कशी करायची

सणाच्या मीटिंगला कधी बसलायत का? आमच्याकडे पहिला तास मंडपात जातो, दुसरा बॅण्ड आणि लायटिंगमध्ये, मग जेवण, मग कोणाच्या वाडीने काय द्यायचं यावरून थोडी गरमागरमी, आणि साडेदहाला सगळे उठायला लागले की कोणीतरी विचारतं, अरे प्रार्थनेचं काय? त्यावर सगळे आम्हा लिटर्जीवाल्यांकडे (उपासनेची तयारी करणाऱ्यांकडे) बघतात आणि म्हणतात, ते तुम्ही बघा, दरवर्षीचंच तर आहे. हा लेख त्या "तुम्ही बघा"वाल्यांसाठी आहे. मंडप कसा बांधायचा ते इथे मिळणार नाही, ते सांगणारी माणसं प्रत्येक पॅरिशमध्ये भरपूर आहेत.

उदाहरण म्हणून मी संत गोन्सालो गार्सिया घेतोय, एक तर ते आपल्या वसईचे, दुसरं म्हणजे त्यांचं आयुष्य नोव्हेनासाठी (सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेसाठी) इतकं सोयीचं आहे की पद्धत लगेच डोक्यात बसते. तुमचं चर्च सेंट मायकल, सेंट जेम्स, सेंट थॉमस, कोणाच्याही नावाचं असो, रीत हीच.

आधी तारीख, आणि तारखेच्याही आधी दर्जा

लोक थेट कॅलेंडर उघडतात, पण उपासनेच्या कॅलेंडरमध्ये सगळे सण एका पातळीवर नसतात. सर्वात वर सोलेम्निटी, मग फीस्ट, मग मेमोरियल, आणि शेवटी ऐच्छिक मेमोरियल, म्हणजे केलं तर केलं. सोलेम्निटीला ग्लोरिया (देवाचं गौरवगीत), बायबलची तीन वाचनं आणि विश्वासांगिकार (श्रद्धेची कबुली) असतो. फीस्टला ग्लोरिया असतं, पण रविवार नसेल तर विश्वासांगिकार नसतो. मेमोरियलला दोन्ही नाही. गायकवृंदाला हे आधी सांगितलं नाही की मग मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, चालू असताना ऑर्गनवाला फादरांकडे बघतो आणि फादर ऑर्गनवाल्याकडे.

आता महत्त्वाचं, चर्च ज्या संताच्या नावाचं आहे त्या संताचा सण त्या चर्चपुरता सोलेम्निटी होतो. २९ सप्टेंबर हा महादूत मायकल, गॅब्रिएल आणि राफाएल यांचा सण जगभर फीस्ट आहे, पण वसईतल्या माणिकपूरच्या सेंट मायकल चर्चमध्ये तो सोलेम्निटी. ६ फेब्रुवारीला जागतिक कॅलेंडरमध्ये संत पॉल मिकी आणि सहकारी यांचं मेमोरियल आहे, त्या सहकाऱ्यांतच आपला गोन्सालो येतो, पण वसईतल्याच गासचं चर्च त्याच्याच नावाचं असल्यामुळे तिथे तो दिवस पूर्ण थाटाचा.

लोक दरवर्षी विचारतात की गोन्सालो मेला ५ फेब्रुवारी १५९७ ला, मग सण ६ ला का? कारण ५ ला संत अगाथा आधीपासून बसलेली आहे. एवढंच. पण ही ५ तारीख लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

सण रविवारी आला तर? सामान्यकाळातला रविवार असेल तर तुमच्या चर्चच्या संताची सोलेम्निटी जिंकते, त्या दिवशी संताचीच मिस्सा (२०२८ मध्ये ६ फेब्रुवारी रविवारीच येतो, बघून ठेवा). पण आगमनकाळ (ख्रिसमसआधीचा), उपवासकाळ (ईस्टरआधीचा) आणि पुनरुत्थानकाळ (ईस्टरपासूनचा) यांचे रविवार कोणालाच जागा देत नाहीत, संताला पुढे सरकावं लागतं. राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, तोही तसाच. २००८ मध्ये ईस्टर २३ मार्चला इतकं लवकर आलं होतं की राखेचा बुधवार नेमका ६ फेब्रुवारीला पडला! नियमाने अशा वेळी सण पुढच्या मोकळ्या दिवशी जातो, म्हणजे राखेच्या दुसऱ्या दिवशी, उपवासकाळात मंडप आणि इंद्याल (मांसाचं मसालेदार कालवण), कसं वाटेल ते तुम्हीच ठरवा. म्हणून निदान सहा महिने आधी ऑर्डो (उपासनेचं त्या वर्षाचं कॅलेंडर) उघडायचा, शंका असेल तर फादरांमार्फत बिशप हाऊसला विचारायचं आणि मगच हॉल बुक करायचा. उलटं करू नका, आम्ही केलंय.

आठवड्याच्या मधला सण सामान्यकाळातल्या जवळच्या रविवारी लोकांच्या सोयीसाठी करता येतो, ती मुभा आहे. माझं मत विचाराल तर मिस्सा खऱ्या तारखेलाही ठेवा, संध्याकाळी सातची का असेना, चाळीस माणसं आली तरी चालतील, आणि मोठा सण रविवारी करा.

संताचं आयुष्य एका पानावर उतरवा

ही पायरी ९० टक्के कमिट्या गाळतात (टक्का माझ्या मनाचा आहे, पण तुम्ही नाही म्हणणार नाही). आम्हीही गाळायचो. एका वर्षी वेळ नव्हता म्हणून कुठल्यातरी जुन्या पुस्तिकेतली नोव्हेना उचलली, संताचं नाव बदललं, झेरॉक्स मारली, आणि तिसऱ्या दिवशी वाचक मोठ्या आवाजात वाचतोय, "ज्याने आपल्या देहावर प्रभूच्या पाच जखमा धारण केल्या"... पुढच्या बाकावरच्या एका आजीने मागे वळून शेजारणीला विचारलं, ह्याला कधी झाल्या गं पाच जखमा? त्या जखमा असिसीच्या फ्रान्सिसच्या होत्या. तेव्हापासून मी एक टेस्ट करतो. प्रार्थना लिहून झाली की त्यातलं संताचं नाव खोडून तिथे संत अंतोन लिहायचं आणि वाचून बघायचं, जर प्रार्थना तशीच्या तशी चालली, तर ती प्रार्थना अजून लिहिलेलीच नाही असं समजायचं.

गोन्सालोचं एक पान असं होईल. वसईत जन्म, सोळाव्या शतकाच्या मध्याला थोडा पुढे, वडील पोर्तुगीज, आई इथली. किल्ल्यातल्या जेझुइट संघाच्या धर्मगुरूंकडे शिक्षण. किशोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला, भाषा अशी शिकला की धर्मशिक्षक म्हणून बरीच वर्षं काम केलं. जेझुइट व्हायची फार इच्छा, पण घेतलं नाही. मग बाहेर पडून व्यापार केला आणि चांगला केला. पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला, धर्मगुरू नाही, साधा ब्रदर. १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन फादर पीटर बाप्तिस्ट यांच्यासोबत दुभाषा म्हणून परत जपानला. तिथे फ्रान्सिस्कनांनी क्योतोत कुष्ठरोग्यांसाठी हॉस्पिटल चालवलं. १५९६ च्या डिसेंबरमध्ये अटक, क्योतोत कानाचा तुकडा कापून गावातून धिंड, मग ऐन थंडीत नागासाकीपर्यंत चालत, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला २६ जणांना टेकडीवर क्रुसावर चढवलं, त्यात ६ फ्रान्सिस्कन, ३ जेझुइट आणि १७ साधी प्रापंचिक माणसं. १६२७ मध्ये धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी), ८ जून १८६२ ला पोप नववे पायस यांनी संत घोषित केलं. भारतात जन्मलेला पहिला संत.

बघा, एका पानात किती माणूस आहे. नाकारलेला माणूस, दुकानदार माणूस, दोन भाषांच्या मधे उभा असलेला माणूस. आपण मात्र त्याच्या मूर्तीसमोर उभं राहून "विश्वासात दृढ कर" एवढंच म्हणून घरी जातो.

नऊ दिवस वाटायचे कसे

नोव्हेना म्हणजे नऊ दिवस आणि ती सणाच्या आदल्या दिवशी संपते. मागे मोजा. ६ फेब्रुवारीसाठी २८ जानेवारीला सुरुवात, ५ फेब्रुवारीला नववा दिवस. ओल्ड गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरची नोव्हेना २४ नोव्हेंबर ते २ डिसेंबर आणि ३ ला सण, तोच हिशोब. काहीजण सणाचा दिवस धरून नऊ मोजतात आणि मग पोस्टरवर एक आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक अशा दोन तारखा फिरतात.

आता त्या एका पानातले नऊ प्रसंग काढायचे आणि तारखांच्या बाजूला लिहायचे, आणि मग प्रत्येक तारखेला कॅलेंडरमध्ये आणखी काय आहे ते बघायचं. इथेच खरी मजा आहे. आमचं कोष्टक सांगतो.

२८ जानेवारी, घर आणि आई. २९, शाळा, म्हणून त्या दिवशी शाळेची मुलं आणि शिक्षक. ३० ला घर सोडून दूर जाणं, गल्फ, कॅनडा, जहाजावर असलेल्या सगळ्यांची घरं. ३१, नाकारलं जाणं. १ फेब्रुवारी, व्यापार आणि प्रामाणिक कमाई (बजेटच्या दिवशी व्यापाराची प्रार्थना, हे आम्ही मुद्दाम जुळवलं नव्हतं, पण बाजारपेठेतली माणसं त्या दिवशी आली आणि हसत हसत आली). २ फेब्रुवारीला फ्रान्सिस्कन ब्रदर होणं, आणि २ फेब्रुवारी हा प्रभूच्या मंदिरातील समर्पणाचा सण, मेणबत्त्यांचा आशीर्वाद, शिवाय व्रतस्थांचा जागतिक दिवससुद्धा, म्हणजे पॅरिशमधल्या सिस्टर्स आणि ब्रदर्सना पुढे बसवायचं. ३ फेब्रुवारी, दुभाषा. त्याच दिवशी संत ब्लेझचा सण आणि गळ्याचा आशीर्वाद असतो! ज्याने आवाज आणि भाषा देवाला दिली त्याचा दिवस आणि गळ्याचा आशीर्वाद एकत्र, यापेक्षा छान काय पाहिजे. ४, आजारी आणि कुष्ठरोगी. ५, क्रूस, आणि तो खराच त्याच्या मरणाचा दिवस.

पाचला नववा दिवस येतो तो असा. मी वर म्हटलं ना ५ तारीख लक्षात ठेवा. त्या संध्याकाळी मंडपातली गाणी, साउंड टेस्टिंग, लायटिंगची ट्रायल सगळं थांबवा. तासभर पुरे. चर्चमधले दिवे कमी करून सव्वीस मेणबत्त्या लावा आणि सव्वीस नावं वाचा, एक नाव एक मेणबत्ती. त्या सव्वीसांत आपला एकटा गोन्सालो नाही, जपानी सुतार आहे, स्वयंपाकी आहे, बारा-तेरा वर्षांची पोरं आहेत. पहिल्या वर्षी हे केलं तेव्हा बॅण्डवाला बाहेर उभा होता, पैसे ठरवायला आलेला, तो शेवटपर्यंत उभा राहिला.

एक अडचण आहे, ३० जानेवारी हा गांधीजींचा स्मृतिदिन आपल्या देशात कुष्ठरोग निवारण दिन म्हणूनही पाळतात, त्यामुळे कुष्ठरोग्यांचा विषय ३० ला घ्यावा की ४ ला यावर आमच्यात दरवर्षी चर्चा होते. क्रम मोडला तर गोष्ट तुटते, नाही मोडला तर एवढा मोठा योग हुकतो. मी क्रमाच्या बाजूचा, आमच्या सिस्टर योगाच्या बाजूच्या. ३० ला श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत (मिस्सात सगळ्यांसाठी केलेल्या विनंत्यांत) एक ओळ घालून आम्ही मधला रस्ता काढलाय.

प्रार्थना लिहायची कशी

पहिले एक स्पष्ट करू, कुठली प्रार्थना आपण लिहू शकतो आणि कुठली नाही. मिस्साग्रंथात जी आहे, म्हणजे मिस्साची सुरुवातीची प्रार्थना, दानावरची, प्रीफेस (त्यानंतरची स्तुतीची प्रार्थना), कम्युनियननंतरची (कम्युनियन म्हणजे मिस्सात पवित्र भाकर घेणं), तिला हात लावायचा नाही, ती सुंदर वाटो न वाटो, ती पूर्ण ख्रिस्तसभेची आहे. आपल्या हातात काय येतं तर श्रद्धावंतांच्या प्रार्थना, नोव्हेनाची प्रार्थना, मिस्सा सुरू होण्याआधीची दोन ओळींची प्रस्तावना, मिरवणुकीतल्या प्रार्थना आणि घरी म्हणायच्या. नवी लितानी (एकामागून एक विनवण्यांची माळ) स्वतः रचून चर्चमध्ये म्हणायची नाही, मान्यता असलेली वापरा. आणि नोव्हेनाची पुस्तिका छापून वाटायची असेल तर बिशप हाऊसची परवानगी लागते, फादरांमार्फत मजकूर दोन महिने आधी पाठवा म्हणजे प्रेसवाल्याच्या दारात उभं राहून फोन करायची वेळ येत नाही.

दुसरी गोष्ट, बोलायचं कोणाशी. आराधना फक्त देवाची. संताकडे आपण मागतो ते "आमच्यासाठी विनंती कर" एवढंच. उत्साहात लोक लिहून जातात, "हे संत गोन्सालो, आम्हाला नोकरी दे, आमची पापं क्षमा कर". हे चूक आहे आणि शेजारच्या प्रोटेस्टंट मित्राला हसायला कारण मिळतं. सोपा नियम, प्रार्थना देवबापाला उद्देशून लिहा, शेवटी संताला एक हाक.

आणि ढाचा, तो मिस्सातल्या जुन्या प्रार्थनांचाच आहे, चार घरं. देवाला हाक मारा. त्याने या संतात काय केलं ते त्याला आठवण करून द्या. त्यावरून एकच गोष्ट मागा. ख्रिस्ताद्वारे म्हणून संपवा. एकच गोष्ट, हे मी परत लिहितोय, कारण आपल्या प्रार्थनांमध्ये पाऊस, पीक, शांती, युवक, आजारी, राजकारणी आणि मृत सगळे एका वाक्यात कोंबलेले असतात आणि ऐकणाऱ्याला आमेन कुठे म्हणायचं ते कळत नाही.

पहिल्या दिवसाची, घर आणि आई, ही आम्ही वापरतो :

"हे स्वर्गीय पित्या, वसईच्या एका घरात, दोन वेगळ्या देशांच्या आईबापाच्या पोटी तू गोन्सालोला जन्म दिलास. ज्या घरात दोन भाषा, दोन रीती, दोन जाती एकत्र नांदतात त्या घरांवर तुझा हात असू दे. शेजाऱ्यांच्या बोलण्याने त्यांची मनं तुटू देऊ नकोस. आमच्या प्रभू ख्रिस्ताद्वारे. संत गोन्सालो, आमच्यासाठी विनंती कर."

चौथ्या दिवसाची :

"हे प्रभू, गोन्सालोने ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलं, त्यांच्यातला एक व्हायची त्याची इच्छा होती, आणि ती पूर्ण झाली नाही. आमच्यातला प्रत्येकजण एका बंद दारासमोर उभा राहिलेला आहे, कॉलेजच्या, नोकरीच्या, व्हिसाच्या, लग्नाच्या. ते दार कुठलं ते तुला ठाऊक आहे. (इथे थांबा, मनात मोजून पंधरा सेकंद.) कडू न होता चालत राहायची ताकद दे. आमच्या प्रभू ख्रिस्ताद्वारे. संत गोन्सालो, आमच्यासाठी विनंती कर."

ते पंधरा सेकंद वाचकाला फार जड जातात, तो सात-आठलाच पुढे जातो, म्हणून रिहर्सल करून घ्या. नऊ दिवसांत लोकांनी येऊन धन्यवाद म्हटलेली हीच एक प्रार्थना आहे, आणि म्हटलं ते तरुणांनी नाही, साठीच्या पुढच्यांनी.

सातव्या दिवशी, दुभाष्याच्या दिवशी, आम्ही श्रद्धावंतांच्या प्रार्थना पॅरिशमधल्या भाषांत वाटतो. एक मराठीत, एक कादोडीत (वसईतली बोली), एक कोकणीत, एक इंग्लिशमध्ये, एक हिंदीत कारण आता झारखंड-ओडिशाकडची कॅथलिक मुलं इथे कामाला असतात आणि वर्षभर मागच्या बाकावर बसून न कळणाऱ्या भाषेत मिस्सा ऐकतात. कादोडीतली प्रार्थना लिहायला एका आजोबांना बसवलं, ते म्हणाले बोलता येते, लिहिता कुठे येते. मग त्यांनी सांगितलं आणि नातीने मोबाईलवर उतरवून घेतलं. चर्चमध्ये ती वाचली तेव्हा निम्मे लोक हसले, म्हणजे आनंदाने, आपली घरातली भाषा वेदीजवळून ऐकू आली म्हणून.

श्रद्धावंतांच्या प्रार्थनांना क्रम आहे, आधी ख्रिस्तसभेसाठी, मग देशासाठी आणि जगासाठी, मग दुःखी-पीडितांसाठी, आणि मग आपल्या गावासाठी. चार-पाच पुरेत. प्रत्येक प्रार्थना एका श्वासात वाचता आली पाहिजे, येत नसेल तर कापा. "आम्ही तुझ्याकडे याचना करतो की ज्याप्रमाणे..." असं सुरू झालं की कापायला सुरुवात करायची. आणि प्रार्थनेतून कोणाला टोमणे मारायचे नाहीत. "जे लोक मीटिंगला येत नाहीत त्यांना सद्बुद्धी दे" हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे.

सणाची मिस्सा

रंग. गोन्सालो रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी मारला गेलेला, म्हणून लाल. संत रक्तसाक्षी नसेल तर पांढरा. सजावटवाल्यांना हे सांगा, नाहीतर लाल वस्त्रांमागे गुलाबी पडदा लागतो.

वाचनं सोलेम्निटीला तीन. रक्तसाक्षींसाठीच्या सामाईक वाचनांतून निवडता येतात. ज्ञानग्रंथ अध्याय ३, "नीतिमानांचे आत्मे देवाच्या हाती आहेत" तो भाग, स्तोत्र १२६ रडत पेरणाऱ्यांचं, रोमकरांस ८ चा शेवटचा भाग, आणि योहान १२ मधला जमिनीत पडून मरणारा गव्हाचा दाणा. पॉल मिकी आणि सहकाऱ्यांच्या दिवसासाठी गलतीकरांस २ मधलं "मी ख्रिस्ताबरोबर क्रुसावर खिळलो आहे" आणि मत्तयच्या शेवटचं "जाऊन सर्व राष्ट्रांना शिष्य करा" दिलेलं आहे, तेही उत्तम बसतं. निवड फादरांनी करायची, पण वाचकांना महिनाभर आधी कळलं पाहिजे. मी तर म्हणेन स्तोत्र १२६ गाऊन घ्या, नुसतं वाचू नका, शेतीवाडीच्या लोकांना पेरणी-कापणीचं वेगळं समजवावं लागत नाही.

प्रस्तावना दोन मिनिटांची, त्यात जन्मतारखेपासून सगळं चरित्र नको, ते नऊ दिवस झालेलं आहे. बाहेरून प्रवचनाला धर्मगुरू बोलावलेत तर त्यांना ते एक पान आणि नऊ विषय आधी पाठवा. नाही पाठवलं तर ते बिचारे गोन्सालो जपानला गेला इथून सुरू करून जपानच्या टेक्नॉलॉजीवर जातात.

दानमिरवणुकीत काय आणायचं यावर आमच्याकडे भांडणं होतात. ब्रेड आणि द्राक्षरस आणि गरिबांसाठी दान, हे मुख्य. मूर्तीची प्रतिकृती, जहाजाचं मॉडेल, नांगर, जाळं आणून प्रत्येकावर कॉमेंटरी वाचणं मला पटत नाही, पण तुमच्याकडे चालत असेल तर निदान कॉमेंटरी वाचू नका, लोकांना जाळं दिसतं.

सणाला शेजारचे हिंदू, मुस्लिम मित्र येतात, आलेच पाहिजेत. कम्युनियनच्या वेळी गोंधळ होतो कारण त्यांना तो प्रसाद वाटतो आणि ते भक्तिभावाने हात पुढे करतात. आधी एक वाक्य प्रेमाने सांगा की हे संस्कार घेतलेल्या कॅथलिकांसाठी आहे आणि इतरांना बाहेर पडताना आशीर्वाद दिलेला पाव मिळेल. आणि तो पाव खरंच ठेवा. संत अंतोनच्या सणाला पाव आशीर्वादित करून वाटायची जुनी रीत आहेच, तीच इथे चालते. सांगायची पद्धत मात्र नीट ठेवा, एका वर्षी अनाउन्समेंट अशी झाली की एक शेजारी कुटुंब मिस्सा अर्धवट सोडून गेलं, मला अजून वाईट वाटतं.

मिरवणूक

ही व्हेस्परच्या (सणाच्या आदल्या) संध्याकाळी असो की मिस्सानंतर, पोलीस स्टेशनची परवानगी लेखी घ्या, लाऊडस्पीकरची वेगळी घ्या, आणि रात्री दहानंतर स्पीकर बंद, तो नियम सगळ्यांना सारखा. क्रम साधा, क्रूस पुढे, मेणबत्त्यावाले वेदीसेवक, लोक, संताची मूर्ती, शेवटी धर्मगुरू. बॅण्ड कुठे ठेवायचा ते रस्त्याची रुंदी बघून ठरवा.

प्रार्थना मात्र एका ठिकाणाहून पूर्ण रांगेला ऐकू जात नाही, मागचे गप्पा मारतात, हे जगभर असणार. उपाय म्हणजे वाटेत तीन-चार थांबे, एखादा गावचा क्रूस, शाळा, आजारी माणसाचं घर, आणि प्रत्येक थांब्यावर दोन मिनिटांची प्रार्थना, मधल्या वाटेत माळ (रोझरी) आणि ओळखीची गाणी. नवीन गाणी मिरवणुकीत नकोत, कोणी म्हणत नाही. मूर्ती खांद्यावर घ्यायला तरुण पुढे येतात, त्यांच्यात मुलींचा गट पण ठेवा, आमच्याकडे तिसऱ्या वर्षी "मुली का?" असं कोणी विचारेनासं झालं.

जे चर्चपर्यंत येऊ शकत नाहीत

आठव्या दिवशी, ४ तारखेला, घरोघरच्या आजाऱ्यांना कम्युनियन नेताना सोबत नोव्हेनाची त्या दिवसाची प्रार्थना मोठ्या अक्षरात छापून न्या, सोळा पॉइंटचा फॉन्ट कमी पडतो, वीस घ्या. कम्युनियन देणाऱ्याने तिथे घाई करू नये. एका बाईंनी मला सांगितलं, बाबा रे, वर्षातून एकदा तरी सण माझ्या खोलीत आला.

परदेशातल्या मुलांना रोजची प्रार्थना व्हॉइस मेसेज करून पाठवता येते, टेक्स्टपेक्षा आवाज ऐकला जातो. वाचणारा त्यांच्या ओळखीचा असला की झालं. लाइव्हस्ट्रीमपेक्षा याला जास्त उत्तरं येतात असा माझा अनुभव.

बाकीचे संत

वर्षभर बाकीचे संत येत राहतात आणि सगळ्यांची नोव्हेना करत बसलात तर पॅरिश दमेल. साध्या मेमोरियलला तीनच गोष्टी : मिस्साच्या सुरुवातीला संताबद्दल एक वाक्य, श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत एक प्रार्थना, आणि त्या नावाच्या माणसांना मिस्सानंतर हाक मारून शुभेच्छा. १६ जानेवारीला संत जोसेफ वाज येतो, गोव्याचा माणूस, कोकणीत वाढलेला, श्रीलंकेत जाऊन तिथल्या लोकांच्या भाषा शिकला, पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये कोलंबोत संत घोषित केला. त्याच्या दिवशी एक वाक्य बोलायला काय जातंय? ५ सप्टेंबरला मदर तेरेसा, त्या दिवशी शिक्षक दिनही असतो, दोन्ही जमतं. १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण, तेव्हा लहान मुलांना आपापल्या नावाच्या संताचा वेश करून आणायला सांगा, फक्त आईबापांना आधीच सांगा की प्रत्येक मुलगी मदर तेरेसा नको, एका वर्षी अकरा होत्या.

सण झाल्यावर

७ तारखेला मंडप उतरताना एक वही घेऊन बसायचं, आठ दिवसांनी बसलात तर काही आठवत नाही. आमच्या वहीत गेल्या वेळचं हे आहे : चौथ्या दिवशीची शांतता वाचकाने पूर्ण ठेवली. कादोडीच्या वाचकाला माईक लांब होता. मेणबत्त्या सव्वीस आणल्या, दोन पेटल्या नाहीत, पुढच्या वर्षी तीस आणणे. दुसऱ्या दिवशी मुलं आली पण शिक्षकांना कोणी कळवलंच नव्हतं. पाव कमी पडले. आणि खाली, सिस्टरांच्या अक्षरात : कुष्ठरोग्यांचा दिवस ३० लाच हवा.